सगळे ज्याला मास्टरपीस म्हणतात तो गेम कंटाळवाणा वाटला, तर चुकतंय कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘रेड डेड रिडेम्पशन २’ तुम्ही बारा तास खेळलात. जो तो त्याला मास्टरपीस म्हणतो, तुम्हाला मात्र तो संथ आणि कंटाळवाणा वाटला. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ तुम्हाला मनापासून आवडला, पण ‘दर पाच मिनिटांनी तलवार मोडते, हा कसला गेम’ असं म्हणून तुमच्या मित्राने तो अर्ध्यात सोडला. दोघांपैकी बरोबर कोण, आणि गेम चांगला की वाईट हे ठरवायचं तरी कशावरून?

मी गेली चौदा वर्षं गेमच्या चाचण्या घेतो. गेम बाजारात येण्याआधी अनोळखी माणसांना खेळायला बसवायचं आणि आपण मागे गप्प बसायचं. ती कुठे अडतात, कुठे पुढे सरकून बसतात, कुठे कंट्रोलर मांडीवर ठेवून मोबाईल बघायला लागतात, हे टिपून ठेवायचं आणि मग गेम बनवणाऱ्यांना त्याचा अर्थ सांगायचा, असं हे काम. या कामात एक गोष्ट पक्की कळली. खेळणाऱ्याला जे वाटतं ते कधीच खोटं नसतं, पण ते का वाटलं याचं त्याने दिलेलं कारण बऱ्याचदा चुकीचं असतं. ‘मला आवडलं नाही’ आणि ‘हे फसलंय’ ही दोन वेगळी विधानं आहेत. आपण ती एका दमात बोलून जातो. ती वेगळी कशी करायची, हाच तुमचा खरा प्रश्न आहे असं मी धरतो.

आधी काही गोष्टी मान्य करून टाकू, कारण त्या गेमपेक्षा परिस्थितीवर जास्त अवलंबून असतात. रोज रात्री चाळीस मिनिटं मिळणारा माणूस आणि सुट्टीत सलग सहा तास बसणारा माणूस एकच गेम खेळत नसतात. संथ गेम तुकड्यातुकड्याने खेळला की आणखी संथ होतो. जुन्या कन्सोलवर फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो वेग) कोसळत असेल, तर तुमचं मत गेमइतकंच त्या यंत्राबद्दलही असतं. आधी कोणते गेम खेळून झालेत यावरही खूप ठरतं. ज्याने ओपन वर्ल्डचे, म्हणजे मोठ्या जगात हवं तिथे फिरता येणारे, दहा गेम संपवलेत त्याला अकराव्यातला मॅप बघूनच थकवा येतो, आणि ज्याचा तो पहिलाच आहे त्याला तोच मॅप खजिना वाटतो. या सगळ्यावर कुणाचाच इलाज नाही. मात्र एवढं बाजूला काढल्यावरही बोलण्यासारखं बरंच उरतं.

कुठलाही गेम तपासताना मी सर्वांत आधी कथा, ग्राफिक्स, संगीत सगळं सोडून देतो आणि एकच गोष्ट लिहितो: हा गेम मिनिटामिनिटाला माझ्याकडून काय करवून घेतो? चढणं, लपणं, नेम धरणं, बोलणं, सामान लावणं, वाट बघणं. क्रियापदांची यादीच म्हणा ना. मग दुसरा प्रश्न येतो: या क्रियांचं मोल वाढावं म्हणून बनवणाऱ्यांनी कुठली किंमत मोजायची ठरवली आहे? चांगल्या गेममधला प्रत्येक मोठा निर्णय काहीतरी देतो आणि काहीतरी काढून घेतो. त्यामुळे एकाला जी उणीव वाटते ती पुष्कळदा दुसऱ्याला आवडलेल्या गोष्टीचीच मागची बाजू असते.

तुमच्या मित्राच्या मोडणाऱ्या तलवारीचंच घ्या. २०१७ मध्ये आलेल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये जवळजवळ प्रत्येक शस्त्र थोड्या मारामारीनंतर तुटतं. आता कल्पना करा की ती तुटत नाहीत. पाचव्या तासाला तुम्हाला एक झकास तलवार मिळाली, की पुढचे पन्नास तास तुम्ही तीच फिरवणार. शत्रूंच्या छावणीत शिरताना मग त्यांच्या हातातल्या भाल्याकडे तुमचं लक्ष जाणार नाही. डोंगरावरून दगड ढकलणं, गवत पेटवणं, लोखंडी पेटी चुंबकाने उचलून डोक्यात घालणं, यातलं काही सुचणार नाही, कारण गरजच पडणार नाही. शस्त्र तुटतं म्हणून तुम्ही आजूबाजूला बघता. हा गेम उभाच त्या ‘आजूबाजूला बघण्या’वर आहे. सुरुवातीच्या पठारावरच्या चार मंदिरांमध्ये तुमच्या हातात महत्त्वाची साधनं दिली जातात आणि मग तुम्हाला मोकळं सोडलं जातं. तिथून तुम्ही सरळ शेवटच्या शत्रूकडे गेलात तरी कुणी अडवत नाही. अशा गेममध्ये कायमस्वरूपी तलवार देणं म्हणजे खेळणाऱ्याची नजर बांधून ठेवणं.

पण तुमच्या मित्राची तक्रारही पोकळ नाही, आणि ती नेमकी कुठे लागू पडते ते बघायला हवं. दोन ठिकाणी हा निर्णय खरोखर कमी पडतो. पहिलं म्हणजे बक्षिसं. मोठ्या कष्टाने एखाद्या कड्यावर पोचावं, पेटी उघडावी आणि आत पुन्हा तुटणारी तलवारच निघावी. वर पिशवीत जागा नाही म्हणून ती तिथेच सोडून द्यावी लागावी. इथे शोधाचं फळच हलकं होतं. दुसरं म्हणजे उत्तरार्ध. शत्रूंचे प्रकार मोजकेच, त्यामुळे चाळीस तासांनंतर लढाई हे कोडं उरत नाही, नुसता शस्त्रांचा खर्च उरतो, आणि माणूस लढाई टाळायला लागतो. बनवणाऱ्यांनाही हे जाणवलं असावं असं मला वाटतं, कारण २०२३ च्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये शस्त्रं तुटतातच, पण कुठलीही वस्तू शस्त्राला जोडता येते. राक्षसाचं शिंग काठीला लावलं की नवं हत्यार तयार. तुटण्याची किंमत तशीच ठेवून मोबदला वाढवला. निर्णयाची मागची बाजू कशी दुरुस्त करावी याचं याहून चांगलं उदाहरण मला आठवत नाही.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या ज्या उणिवांना माझ्या मते काहीच समर्थन नाही, त्यांच्याबद्दल मात्र फार थोडे बोलतात. चार मोठी यांत्रिक श्वापदं आतून एकमेकांसारखीच दिसतात आणि त्यांच्यातले बॉसही (टप्प्याच्या शेवटी येणारे मोठे शत्रू) एकाच साच्यातून काढलेले वाटतात. १२० मंदिरांपैकी कित्येकांमध्ये तीच ‘शक्तिपरीक्षा’ फिरून फिरून येते. यातून खेळणाऱ्याला मोबदल्यात काहीच मिळत नाही. याला मी सरळ कमतरता म्हणेन.

आता तुमच्या तक्रारीकडे येतो. ‘रेड डेड २’ची २०१८ पासूनची सगळी वाहवा ज्या गोष्टीसाठी झाली, तीच तुम्हाला खुपते आहे. गेमचा नायक आर्थर मॉर्गन कपाटातला डबा हात लांब करून उचलतो, खिशात घालतो, मग दुसरा डबा. शिकार केली की कातडं काढताना पूर्ण बघावं लागतं. बंदुका साफ कराव्या लागतात, दाढी वाढते, घोड्याला थोपटावं लागतं, आणि मोठी बंदूक खोगिरावरून उतरवून घ्यायला विसरलात तर ती घोड्यावरच राहते. झटपट प्रवासाची सोय मर्यादित आहे. हा संथपणा चुकून आलेला नाही, ठरवून आणलेला आहे. उद्देश असा की तुम्ही त्या माणसाच्या शरीरात राहावं, त्याच्या वेगाने थकावं, आणि शेवटाकडे त्याच्या आयुष्यात जे घडतं ते तुम्हाला बातमीसारखं न वाटता झीज झाल्यासारखं जाणवावं. ज्यांच्यावर तो परिणाम होतो त्यांच्यावर फार खोल होतो. मीही त्यांच्यातलाच एक. उपसंहार संपल्यावर दोन दिवस मी दुसरा गेम सुरू करू शकलो नाही.

तरीही या गेममध्ये एक खरी फट आहे, आणि तुमच्या कंटाळ्याचं मूळ तिथे असावं असा माझा अंदाज आहे. मोकळ्या जगात हा गेम कमालीचा उदार आहे. रस्त्यात कुणी मदत मागतो, तुम्ही थांबा किंवा पुढे जा, धमकी द्या किंवा वंदन करा, जग त्याची नोंद घेतं. पण मुख्य मिशन सुरू झालं की तोच गेम कमालीचा हट्टी होतो. या दारानेच आत जा, या खांबामागेच लपा, पिवळ्या रेषेवरूनच घोडा चालवा. शत्रूला मागून गाठायचा शहाणा विचार करून जरा बाजूने गेलात, तर मिशन फसलं म्हणून पुन्हा मागे. म्हणजे पन्नास मिनिटं ‘तू स्वतः विचार कर’ असं शिकवायचं आणि नेमक्या महत्त्वाच्या दहा मिनिटांत विचार केल्याची शिक्षा करायची. संथपणाला मी निर्णय म्हणतो. हा मात्र अंतर्विरोध आहे. गेमने स्वतःच दिलेला शब्द गेमच पाळत नाही, तेव्हा मी त्याला दोष म्हणतो, मग त्याला कितीही गुण मिळालेले असोत.

हाच निकष लावायला मी नव्या सहकाऱ्यांना २०१२ चा ‘डिसऑनर्ड’ खेळायला लावतो. त्यात जादूच्या शक्ती आहेत, उंदरांची झुंड अंगावर सोडता येते, वाऱ्याच्या झोताने माणूस कठड्यावरून उडवता येतो, काळ थांबवता येतो. एकूण साधनं बघितली तर बहुतेक सगळी मारण्याचीच. आणि गेमचं जग मात्र सांगतं की जितके माराल तितकं शहर सडेल, उंदीर वाढतील, शेवट काळवंडेल. न मारता खेळायचं म्हटलं तर हाती उरतं गळा आवळून बेशुद्ध करणं आणि झोपेचे बाण. तत्त्वासाठी ही किंमत मोजायला लावणं मला सुंदर वाटतं, आणि ते शहर तर आजही माझ्या आवडत्या जागांपैकी एक आहे. पण खेळणी समोर मांडून त्यांना हात लावल्याबद्दल रागावणं, हा विरोध त्यांना तेव्हा सोडवता आला नाही. २०१६ च्या दुसऱ्या भागात न मारता लढायची साधनं वाढवली, तेव्हा तोच विचार कितीतरी मोकळेपणाने खेळता आला.

कठीणपणाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण असल्या वादात तो विषय हमखास निघतो, म्हणून बोलतो. एका चाचणीत मध्यम वयाच्या एक बाई एका बंद दरवाजासमोर अकरा मिनिटं अडकल्या होत्या. कळ भिंतीवरच होती, पण भिंतीच्याच रंगाची. शेवटी त्या म्हणाल्या, ‘मला हे गेम जमतच नाहीत.’ तो दिवस मी विसरलेलो नाही. गेमची चूक त्यांनी स्वतःच्या माथी घेतली होती. तेव्हापासून कठीण गेम बघताना मी एकच विचारतो: हरल्यावर खेळणाऱ्याला आपण का हरलो ते सांगता येतं का?

‘डार्क सोल्स’ला हा प्रश्न विचारून बघा. २०११ च्या या गेममध्ये बहुतेक वेळा उत्तर मिळतं: घाई केली, ढाल खाली होती, कोपऱ्यामागे न बघता गेलो. म्हणून शंभर वेळा मेलेली माणसंही त्याला न्यायी म्हणतात. त्यातून त्याच्या पूर्वार्धातला मॅप. तासन् तास वर चढत गेल्यावर एका लिफ्टने खाली यावं आणि समोर सुरुवातीचीच शेकोटी दिसावी, तेव्हा सगळं जग एकदम डोक्यात जुळतं. ही गोष्ट कुठल्याही कटसीनने (मध्येच नुसत्या बघायच्या दृश्याने) साधली नसती. आणि त्याच गेमच्या उत्तरार्धात ‘बेड ऑफ केऑस’ नावाचा बॉस आहे. पायाखालची जमीन न सांगता कोसळते, आणि एका लांब फटकाऱ्याने तुम्ही खड्ड्यात जाता. आधी शिकलेलं काहीच तिथे कामाला येत नाही. हरल्यावर शिकायला मिळतं ते इतकंच की जमीन कुठे कोसळते. तो भाग कठीण म्हणून वाईट ठरत नाही. बाकीचा गेम ज्या कराराने खेळायला लावतो तो करार तिथे मोडतो, म्हणून वाईट. कन्सोलवर ब्लाइटटाउन नावाच्या भागात चित्र अडखळायचं ते तर निव्वळ तांत्रिक अपयश होतं. त्याला कठीणपणाचा भाग समजणाऱ्या चाहत्यांशी मी कधीच सहमत झालो नाही.

आणि कठीण गेमने हात पुढे केला की त्याचा दर्जा घसरतो, हेही मला पटत नाही. ‘सेलेस्ट’मध्ये (२०१८) कड्यावरून पाय सुटल्यानंतरही क्षणभर उडी मारता येते, कोपऱ्याला डोकं जरा घासलं तर गेम तुम्हाला हळूच बाजूला सरकवतो. खेळणाऱ्याला हे कळतही नाही, त्याला फक्त ‘बटण नीट लागलं’ असं वाटतं. शिवाय वेग कमी करण्यापासून मरणच बंद करण्यापर्यंतचे पर्याय उघड दिलेले आहेत. ‘हेडीज’मध्ये (२०२०) गॉड मोड लावला तर सुरुवातीला २० टक्के इजा कमी होते आणि प्रत्येक मरणागणिक आणखी २ टक्के. दोन्ही गेमचा मूळ कस जागच्या जागी राहतो.

‘द विचर ३’बद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्यातला निवाडा सोपा आहे. २०१५ मध्ये साईड क्वेस्ट (मुख्य कथेबाहेरच्या छोट्या मोहिमा) किती गंभीरपणे लिहिता येतात हे त्याने दाखवून दिलं. मुख्य कथेतली ब्लडी बॅरन या पात्राची गोष्टही आजवर चांगल्या लेखनाचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. तलवारबाजी मात्र साधारण, आणि स्केलिगे बेटांच्या समुद्रात नकाशावर विखुरलेली प्रश्नचिन्हं म्हणजे वेळखाऊ भरताड. कथेसाठी खेळणाऱ्याने ती बिनदिक्कत सोडावीत. लढाईसाठी गेम शोधणाऱ्याने दुसरीकडे जावं.

कोणाचंही मत वाचताना ते केव्हाचं आहे हेही बघा. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला; २०२१ च्या जूनमध्ये तो परत आला. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर त्यातली कौशल्यं, पोलीस, लढाई हे सगळं बदललेलं आहे. ‘नो मॅन्स स्काय’ही २०१६ चा वेगळा आणि आजचा वेगळा. जुनी समीक्षा खोटी नव्हती, पण ती ज्या गेमबद्दल होती तो आता विकत मिळत नाही. नंतर दुरुस्त केला म्हणून पहिल्या दिवशी पैसे मोजलेल्यांचं नुकसान पुसलं जात नाही, हेही मी त्याच वाक्यात सांगतो.

एका बाबतीत मात्र मी ‘ज्याची त्याची आवड’ म्हणत नाही. गेम मुद्दाम कंटाळवाणा करायचा आणि तो कंटाळा टाळायला पैसे मागायचे, याची मागची बाजू वगैरे काही नसते. २०१७ च्या ‘शॅडो ऑफ वॉर’मध्ये शेवटचा टप्पा लांबत जायचा आणि शेजारीच लूट बॉक्सचं (आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्यांचं) दुकान उघडलेलं असायचं. २०१८ मध्ये ते दुकान काढलं आणि तो टप्पाही आटोपशीर केला. दुकान गेल्यावर जर गेम सुधारत असेल, तर आधीचा रटाळपणा कशासाठी होता हे उघड आहे. बेल्जियमने २०१८ मध्येच पैसे देऊन घ्यायचे लूट बॉक्स जुगाराच्या कायद्याखाली आणले, आणि ते योग्यच झालं असं मी मानतो.

इथवरचं एकत्र बांधायचं तर कुठल्याही उणिवेला मी चार प्रश्न विचारतो. ही उणीव एखाद्या निर्णयाची किंमत आहे का, आणि त्या बदल्यात मला काय मिळालं? गेमने स्वतःच दिलेला शब्द ती मोडते का? हरलो तर का हरलो ते मला कळलं का? आणि हा कंटाळा कुणाच्या फायद्यासाठी आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, पण मला ते नको’ असं आलं, तर तो गेम चांगला आहे आणि तुमच्यासाठी नाही. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि तसं म्हणताना अपराधी वाटायचं कारण नाही.

शंभरपैकी गुण देण्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, कारण एका आकड्यात ही चारही उत्तरं मिसळून जातात. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’चं बघा. जहाजावरच्या साठ माणसांचं काय झालं ते तर्काने शोधायचं, आणि तीन उत्तरं एकदम बरोबर आली तरच गेम ती मान्य करतो, म्हणजे अंदाजपंचे चालत नाही. एकदा सुटला की तो पुन्हा खेळण्यात अर्थ उरत नाही. याचे गुण कापायचे की वाढवायचे? मी तो दहा तासांत संपवला आणि आयुष्यातल्या सर्वोत्तम दहा तासांत तो मोजतो. पैसे मोजून शंभर तास हवे असणाऱ्याला मी तो कधीच सुचवणार नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर बारा तासांत तुम्ही बहुधा दुसऱ्या प्रकरणात आहात. बर्फातली सुरुवात सोडली तर जग नुकतंच मोकळं झालेलं असणार. एक प्रयोग करा. दोन बैठका मुख्य मिशनला हातच लावू नका. नकाशावरचं पिवळं चिन्ह विसरा, घोडा घ्या, एका दिशेने निघा, वाटेत भेटेल त्याच्याशी थांबून बोला, शिकार करा, रात्री तळावर परत येऊन शेकोटीपाशी बसा आणि टोळीतली माणसं काय बोलतात ते ऐका. त्यात जीव रमला, तर तुमचं भांडण मिशनच्या हट्टीपणाशी आहे. मग मिशन संथ नाटकासारखी बघा आणि मधला वेळ आपल्या मर्जीने खेळा. आणि डबा उचलणारा तो हात बघून तेव्हाही चिडचिड झाली, तर तो गेम बंद करा. त्याचा वेग पुढे वाढत नाही. मित्राला मात्र ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ची पहिली तीन-चार आकाशबेटं खेळायला द्या आणि काठीला दगड जोडल्यावर तो काय म्हणतो ते मला जरूर कळवा.